गळती नव्हतीच राव, ताग ओला होता

मंडळी, सिलिकॉनची परत परत वापरायची व्हॅक्यूम बॅग चालली! (मोल्डवर कोरडं कापड, वर बॅग, पंपानं हवा ओढायची आणि आत रेझिन सोडायचं, हेच इन्फ्युजन.) मागची चिकटच राहिलेली (सल्फरवाली क्ले वापरली होती, मग प्लॅटिनम क्युअर सिलिकॉन सेट होणार कसं), ती फेकून नवी ओतली आणि तिच्यात आता सहावं इन्फ्युजन झालंय. आधी आरएक्स बाईकच्या दोन साइड पॅनलमागं फिल्म, मेश, सीलंट टेप असा 240 ग्रॅम कचरा निघायचा, आता पील प्लाय (नंतर सोलून काढायचं कापड) आणि पाइपचे तुकडे मिळून 70. टिन क्युअर सिलिकॉन स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका, आकसतं ते.

पण पॅनल बघून डोकं फिरलं. राळ्याएवढे पांढरे बुडबुडे, सगळीकडं. ग्लास फायबरच्या पॅनलमध्ये एक पण नाही, तागाच्या कापडातच. ड्रॉप टेस्टला (पंप बंद करून व्हॅक्यूम टिकतो का बघायचं) गेजचा काटा 28 इंचांवरून (पाऱ्याचे इंच) खाली यायचा म्हणून तीन दिवस गळती शोधली, कडा परत घासल्या, फिटिंग बदलली, दुकानदारानं पंपच बदला म्हणून सांगितलं. (काटा 28 च्या पुढं जात नाही म्हणून पंपाला शिव्या घालू नका, कोल्हापूर साडेपाचशे मीटरवर आहे, इथं हवाच तेवढी.) चौथ्या दिवशी रिकामी बॅग लावली तर काटा ढिम्म हलेना! ताग घातला की 27 च्या आसपास यायचा आणि तिथंच थांबायचा. गळती असती तर थांबला असता का? तागातलं पाणीच वाफ होऊन काटा खाली आणत होतं: 25 डिग्रीला पाण्याच्या वाफेचा दाब साधारण 32 मिलिबार, म्हणजे गेजवर इंचभरच. बाहेर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी 39 फुटांच्या इशाऱ्याकडं चाललेली आणि मी इथं एक इंच शोधत बसलेलो.

206 ग्रॅम ताग ओटीजीत (घरच्या छोट्या ओव्हनमध्ये) 105 डिग्रीला दोन तास ठेवला, 184 भरला. बावीस ग्रॅम पाणी राव! आई म्हणाली, "बारदान भाजायलायस व्हय रं?" वास तसाच सुटला होता. गरम गरमच बॅगेत घातला, पॅनल काचेसारखं आलं, दोनच टिपके, ते पण कडेला.

आता शिरोलीतल्या मित्राच्या फाउंड्रीत कोअर ओव्हनला (वाळूचे कोअर भाजायची भट्टी) मोठा लॉट सुकवायचा बेत होता, पण घरी आणेपर्यंत या पावसात परत ओला. त्यापेक्षा, हे लिहिता लिहिताच सुचलं, बॅगेतच सुकवला तर? मोल्डखाली शेकायची इलेक्ट्रिक चादर घालायची, पंप चालू ठेवायचा, काटा 28 वर टिकला की रेझिन सोडायचं. 60 डिग्रीला व्हॅक्यूममध्ये पाणी तसंही उकळतं. पंपाच्या तेलात पाणी जाईल, ते बदलावं लागेल. मोल्ड मात्र पॉलिस्टरचा आहे, 60 ला वाकतोय का ते आधी जुन्या फुटक्या मोल्डवर बघतो. ओव्हनचा बेत सध्या कॅन्सल, मित्राला फोन करायचाय.