सीआरपी अकरा आला आणि मला वाटलं सुटलो

माझा मुलगा सहा वर्षांचा, ल्युकेमियाची, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरची, ट्रीटमेंट चालू आहे. किमोनंतर आठव्या-दहाव्या दिवशी त्याचे काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशी, खाली येतात हे आता घरात सगळ्यांना पाठ झालंय. मे महिन्यात एका रात्री दहाला त्याच्या कपाळाला हात लावला तर चटकाच बसला, काखेत थर्मामीटर लावलं तर १०१.२. सासूबाई म्हणाल्या अगं आधी क्रोसिन दे, उतरेल. पण आमच्या फाईलच्या पहिल्याच पानावर लाल पेनने लिहून दिलंय की एकदा जरी १०१ झाला किंवा १००.४ तासभर राहिला तरी घरी थांबायचं नाही. ह्यांची सातपूरला सेकंड शिफ्ट, म्हणून सिडकोतून शेजारच्या काकांच्या रिक्षाने मुंबई नाक्याजवळच्या हॉस्पिटलकडे निघालो.

केसपेपरच्या खिडकीवर म्हणे लाईनीत थांबा. मी फाईल उघडून काचेलाच लावली, अहो पेशी कमी आहेत त्याच्या, तासाच्या आत अँटिबायोटिक लागायला पाहिजे. तेवढ्यात आतून सिस्टर आल्या आणि त्याला उचलून घेऊन गेल्या. रक्तात जंतू वाढतात का बघायला एक ब्लड कल्चर पोर्टमधून (औषधं द्यायला कातडीखाली बसवलेली डबी), एक हातातून, आणि लगेच अँटिबायोटिकची बाटली. मी घड्याळ बघितलं, अकराला पाच कमी.

साडेबाराला रिपोर्ट. एएनसी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा, ८०, म्हणजे त्या जवळजवळ नाहीतच, ५०० च्या खाली गेलं की धोका म्हणतात. पण सीआरपी, म्हणजे इन्फेक्शन झालं की रक्तात वाढणारं प्रोटीन, फक्त ११! मी डॉक्टर मॅडमना म्हटलं, हे तर काहीच नाही ना? मॅडम कॉटच्या कडेला बसल्या. "ताई, ताप येऊन किती वेळ झाला? सीआरपी लिव्हर बनवतं, ते वर यायला सहा ते बारा तास घेतं. आत्ताचा आकडा बघून मी याला घरी नाही सोडणार." घसा लाल नाही, छाती साफ, लघवीत पस नाही, मग इन्फेक्शन कुठंय हे मी परत विचारलं, तर म्हणाल्या पस पांढऱ्या पेशींचाच होतो, त्याच नाहीत तर दिसणार काय? म्हणून रक्तातल्या खुणा बघायच्या, आणि त्या परत परत बघायच्या.

पहाटे प्रोकॅल्सिटोनिन काढलं, रक्तातली इन्फेक्शनची अजून एक खूण, ते सीआरपीच्या आधी वाढतं म्हणे. ४.६ आलं, ०.५ च्या वर गेलं की बॅक्टेरियाचा संशय धरतात. सकाळी दहाला सीआरपी ९४. मी ते दोन कागद शेजारी शेजारी धरून कितीतरी वेळ नुसती बघत बसले, रात्री अकरा आणि आता चौऱ्याण्णव.

तिसऱ्या दिवशी ताप ९९ वर, पोरगं वरणभात मागायला लागलं, आणि सीआरपी १२८! मला रडूच फुटलं. मॅडमनी प्रोकॅल्सिटोनिन दाखवलं, १.९ वर उतरलं होतं, म्हणाल्या सीआरपी दोन-तीन दिवस चढतो मग उतरतो, मुलाकडे बघा, खातोय ना? पाचव्या दिवशी ४१.

कल्चरमध्ये क्लेब्सिएला नावाचा बॅक्टेरिया निघाला. तो रिपोर्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आला, तोवर अँटिबायोटिकचे तीन डोस झालेले होते.