आधी विचारून या

नातीच्या शाळेतून निरोप आला की नववीच्या मुलांना एका उपक्रमासाठी पैसे जमवायचे आहेत आणि हिशेब बघायला कुणीतरी मोठं माणूस हवंय. मी सांगलीतल्या एका सहकारी बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे नातीनं परस्पर माझं नाव देऊन टाकलं होतं. वर्गात गेले तर फळ्यावर ठळक अक्षरात लिहिलेलं: 'थॅलेसेमियाग्रस्त मुलांना खेळणी व फळे वाटप'. मी विचारलं, "त्यांना खेळणी हवीत असं कोण म्हणालं?" मुलं एकमेकांकडे बघायला लागली. बाईंनाही सांगता येईना.

हा प्रश्न माझ्या तोंडून का निघाला, ते सांगलीतल्या माणसाला वेगळं सांगायला नको. आमचं घर गावभागात. आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा आणि 45 फुटांवर धोका, हे आमच्याकडे पोराटोरांनाही पाठ असतं. 2005 साली पाणी 53 फुटांच्या वर गेलं तेव्हा वाटलं, आता याहून काय चढणार. ऑगस्ट 2019 मध्ये ते 57 फुटांच्या वर गेलं. आम्ही विश्रामबागेत नणंदेकडे जाऊन राहिलो. परत आलो तेव्हा घरात गुडघाभर गाळ होता आणि वास असा की दारातूनच माघारी फिरावं.

मग गाड्या यायला लागल्या. कुठून कुठून लोक आले, रात्रभर गाडी चालवून आले. त्यांचे उपकार मी आयुष्यभर विसरणार नाही. पण त्या गाड्यांतून कपड्यांची गाठोडीच गाठोडी उतरत होती. विटलेल्या साड्या, बटणं तुटलेले शर्ट, लहान मुलांचे लोकरी स्वेटर. कोपऱ्याकोपऱ्यावर ढीग लागले, पावसात भिजले आणि शेवटी कचऱ्याच्या गाडीत गेले. आम्हाला हवे होते खराटे, फिनेल, ब्लीचिंग पावडर, पिण्याचं पाणी, कोरी अंतर्वस्त्रं, सॅनिटरी पॅड. बायकांना मागायची लाज वाटत होती आणि कुणी विचारत नव्हतं. साताऱ्याकडच्या एका शाळेतल्या मुलांनी मात्र आधी फोन करून विचारलं होतं. त्यांचं खोकं उघडलं तर आत वह्या, कंपासपेट्या आणि वेगळ्या पुडक्यात पॅड. ते पुडकं हातात घेऊन माझी सून ओक्साबोक्शी रडली.

नववीतली ही मुलं तेव्हा दुसरी-तिसरीत होती. निम्म्या वर्गाच्या घरात पाणी शिरलेलं. त्यांना एवढं सांगितल्यावर पुढचं सांगावं लागलं नाही. एका मुलानं उठून फळा पुसला.

चार मुलं, बाई आणि मी रक्तपेढीत गेलो. तिथल्या सिस्टरांनी आम्हाला बसवून घेतलं. ज्या मुलाला थॅलेसेमिया मेजर आहे त्याच्या शरीरात हिमोग्लोबिन नीट तयारच होत नाही, म्हणून दर 2 ते 4 आठवड्यांनी त्याला रक्त चढवावं लागतं. हे सहा महिन्यांचं बाळ असल्यापासूनही सुरू होतं, आणि मग आयुष्यभर. इतकं रक्त घेतल्यानं शरीरात लोह साठतं, ते हृदयात आणि यकृतात जाऊन बसतं, म्हणून ते काढणारी औषधं रोज घ्यायची. मुलांच्या वहीत हे सगळं उतरलं. मग माझ्या नातीनं विचारलं, "सिस्टर, तुम्हाला काय हवंय?"

त्या हसल्या. म्हणाल्या, खेळणी कपाटभर आहेत, प्रत्येक वेळी ती निर्जंतुक कोण करणार? फळं त्याच दिवशी संपतात. आम्हाला मे महिन्यात रक्त द्या. कॉलेजांना सुट्टी लागली की शिबिरं बंद पडतात, लोक गावाला जातात, आणि या मुलांची तारीख काही सुट्टी बघून येत नाही. दुसरं, रक्त चढवताना पांढऱ्या पेशी गाळून घेणारे फिल्टर. ते वापरले की मुलांना थंडी-ताप कमी येतो, पण प्रत्येक आईबापाला परवडत नाहीत. तिसरं त्यांनी जरा थांबून सांगितलं: सोबत आलेल्या माणसाचं जेवण. जत, आटपाडीकडून पहाटेच्या एसटीनं येतात, मुलाला डबा आणतात आणि स्वतः दिवसभर चहावर काढतात.

बाकावर जतकडचे एक वडील बसले होते. "रोजगार बुडतो बघा, त्याचं काय न्हाई," ते म्हणाले, "पर दर येळी रक्त हाय का न्हाई, ह्येचीच धास्ती." परत येताना रिक्षात मुलं एक शब्द बोलली नाहीत.

पैसे उभे करायला मुलांनी भडंग विकायचं ठरवलं. इथून पुढे मी खुश होते, कारण हे आमच्या हातचं काम. चुरमुरे भट्टीवरून पोत्यानं आणले. शेंगदाणे, डाळं, कढीपत्ता, ठेचलेला लसूण, तिखट, पिठीसाखर आणि आपल्या सांगलीची हळद, जिला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. एकीच्या आजोबांच्या तासगावच्या शेडवरून बेदाणे आले, ते वेगळ्या पुड्यांत भरले. चुरमुरे आधी मंद आचेवर कुरकुरीत करून घ्यायचे, फोडणी जरा निवू द्यायची आणि मगच घालायचे, नाहीतर ते आकसून चामट होतात. हे दोन मुलांनी इतकं मनावर घेतलं की कढईजवळ तिसऱ्याला येऊ देईनात.

विक्रीआधी मी किर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, घालायला शिकवलं. डावीकडे जमा, उजवीकडे नावे, रोजची हातची शिल्लक मोजून खाली सही. तेल, गॅस, पिशव्या, सगळ्यांची बिलं जपून ठेवायची. कुणाच्या आईनं शेंगदाणे फुकट दिले तर त्यांचीही किंमत लिहायची, कारण तीही देणगीच आहे. 10 रुपयांच्या पुडीत प्रत्यक्ष किती उरतात हे कळल्यावर मुलांचे डोळे विस्फारले. एका संध्याकाळी गल्ल्यात 20 रुपये कमी भरले. पैसे मोजणारा मुलगा रडवेला होऊन स्वतःच्या खिशातून घालायला निघाला. बँकेत कॅशियरची तूट त्याच्याच पगारातून जाते, मला ते चांगलं माहीत आहे. पण इथे मी त्याला थांबवलं आणि 'तूट 20 रुपये' असं लिहायला लावलं. ज्यांनी पैसे दिले त्यांना खरा हिशेब दिसला पाहिजे, आणि चौदा वर्षांच्या पोराला खरं लिहून मान वर ठेवता आली पाहिजे. बऱ्याच शाळांत मुलांच्या हातात कुपनांची पुस्तकं देतात. बाप ऑफिसात ती खपवतो किंवा स्वतःच पैसे भरून टाकतो, आणि पैसे कुठे गेले ते मुलाला कधीच कळत नाही. मला त्याचा मनापासून राग येतो.

जमलेल्या पैशांतून फिल्टर घेतले, पावती वहीत चिकटवली. जेवणाचं मुलांनी पाळीनं घेतलं: रक्त चढवायच्या दिवशी दोन घरांतून भाकरी-भाजीचे डबे जातात.

अवघड होतं ते जनजागृतीचं. थॅलेसेमिया आईवडिलांकडून येतो. दोघंही वाहक असले, म्हणजे दोघांच्याही रक्तात तो दोष लपलेला असला, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला मेजर होण्याची शक्यता 25 टक्के. वाहक माणूस ठणठणीत असतो, त्याला स्वतःला पत्ताही नसतो. रक्ताची एचबीए2 तपासणी केली की कळतं. म्हणजे लग्नाआधी, निदान मूल होण्याआधी, ही तपासणी करा एवढंच मुलांना घरोघरी सांगायचं होतं. आणि आमच्या भागात तर मामाची मुलगी करण्याची रीत. एकाच घराण्यात वाहक असतील तर दोघं एकत्र येण्याचा संभव वाढतो.

एका मुलीनं मला बाजूला घेऊन विचारलं, "आजी, माझ्या आईबाबांचं लग्न नात्यातच झालंय. मग?" मी तिला डॉक्टरांपुढेच नेऊन बसवलं. त्यांनी समजावलं, नात्यातलं लग्न म्हणजे आजार नव्हे. घराण्यात वाहक आहे का, हे तपासून बघितलं की भीती संपते. तिच्या आईनं तपासणी करून घेतली. पण दुसऱ्या एका घरातून बाईंना फोन आला, "आमच्या थोरलीचं स्थळ बघणं चाललंय, तुमची पोरं दारात येऊन रक्त तपासा म्हणतात. लोक काय म्हणतील?" मुलं हिरमुसली. मी त्या घरी स्वतः गेले, चहा घेतला, भडंगाची पुडी ठेवली आणि त्या माउलीचं सगळं ऐकून घेतलं. मुलीवर शिक्का बसेल ही तिची भीती खोटी नाही. म्हणून मुलांनी पत्रक बदललं. आता त्यात पहिलीच ओळ मुलग्यांसाठी आहे: 'नवरदेवानं आधी तपासणी करावी'. तो वाहक नसेल तर बाळाला मेजर होण्याची शक्यता राहत नाही, मुलीला वेगळं उभं करावं लागत नाही. ही ओळ माझ्या नातीची. त्या घरातून परवा होणाऱ्या जावईबापूंच्या तपासणीची चौकशी आली.

रक्तदानाला 18 वर्षं पूर्ण लागतात, वजन किमान 45 किलो, हिमोग्लोबिन 12.5. नववीतलं कुणीच बसत नाही. त्यामुळे प्रत्येकानं दोन मोठी माणसं आणायची असं ठरलंय, आणि याद्या भरत आल्यात. पुरुषांना 3 महिन्यांनी आणि बायकांना 4 महिन्यांनी पुन्हा देता येतं, त्या तारखाही मुलांनी यादीत घातल्या आहेत. मुख्याध्यापकांचं म्हणणं होतं की शिबिर शाळा सुरू असताना मार्चमध्येच उरकू. मुलांनी ऐकलं नाही. लाल पेशी जास्तीत जास्त 42 दिवस टिकतात, मार्चमधलं रक्त मेअखेर कसं पुरणार, असं त्यांनी सरांना तारखा मांडून दाखवलं. लग्नसराईत कार्यालय मिळायचं नाही, म्हणून शाळेचाच हॉल मेच्या दुसऱ्या आठवड्यात उघडायला सर तयार झालेत. शिपाईमामांनी किल्ली घेऊन यायचं कबूल केलंय, आणि कोकणात जाणाऱ्या तिघांनी घरच्यांना तिकिटं पुढे ढकलायला लावली आहेत.