कर्णबधिर मुलांच्या नोकरीचा प्रश्न इंटरव्ह्यूच्या कितीतरी आधी सुरू होतो

कर्णबधिर तरुणांना नोकऱ्या मिळत नाहीत हा विषय निघाला की बोलणं लगेच स्किल कोर्स आणि प्लेसमेंटवर येऊन थांबतं. ते हवंच आहे, नको कोण म्हणतंय, पण मला मनापासून वाटतं की आपण वीस वर्षं उशिरा बोलायला लागतो.

जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त मुलांचे आईवडील ऐकू येणारे असतात. घरात कुणालाच साइन लँग्वेज, म्हणजे हातांच्या खुणांची भाषा, येत नाही आणि बोललेलं बाळापर्यंत पोचत नाही, म्हणजे ज्या वयात बाकीची पोरं "हे काय, ते का" विचारून घर डोक्यावर घेतात त्या वयात ह्या पोराकडे विचारायला भाषाच नसते. त्यात आईवडलांना सांगणारे भेटतात की साइन शिकवलीत तर ते बोलायचंच नाही. हे खरं नाहीये! कर्णबधिर आईवडलांची मुलं लहानपणापासून साइन बघतात आणि भाषा अगदी वेळेवर शिकतात, हातांनी. श्रवणयंत्र लावा, कॉक्लिअर इम्प्लांट (ऑपरेशन करून कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र) करा, स्पीच थेरपी करा, सगळं करा, पण त्याचा उपयोग कुणाला किती होईल हे मुलागणिक बदलतं आणि ते कळेपर्यंत भाषा शिकायचं वय काही थांबून राहत नाही, म्हणून साइन पहिल्या दिवसापासून सोबत हवी.

ही साइनबद्दलची भीती जुनी आहे. 1880 साली इटलीत मिलानला बधिर मुलांच्या शिक्षणावर परिषद भरली, मतं देणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे, आणि ठराव काय तर शिकवायचं तोंडानेच, साइन बंद. मग कितीतरी देशांत शाळांमधून साइन गेली आणि तिच्यासोबत कर्णबधिर शिक्षकही गेले, हे दुसरं नुकसान मला जास्त मोठं वाटतं. त्या ठरावांबद्दल अधिकृत खेद व्यक्त झाला थेट 2010 मध्ये, कॅनडातल्या व्हँकुव्हरला ह्याच विषयावर भरलेल्या परिषदेत. मधे किती पिढ्या गेल्या बघा.

ओठ वाचून समजतं की, असं लोक म्हणतात. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता पाय, बाय, माय म्हणून बघा, तिन्ही सारखेच दिसतात. आणि फळ्याकडे तोंड करून शिकवणाऱ्या सरांचे ओठ कुठून वाचणार?

तर असं अर्धंमुर्धं पोचलेलं शिक्षण घेऊन मुलगा किंवा मुलगी नोकरीच्या बाजारात येते. डोकं तल्लख, हात कामाला पक्के, पण लेखी परीक्षा अशा भाषेत की जी त्यांनी कधी कानांनी ऐकलीच नाही, मग वाक्यरचनेवरून लोक ठरवतात की ह्याला समजत नाही. जाहिरातीत "उत्तम संभाषण कौशल्य" हे कुठल्याही कामाला सरसकट टाकलेलं असतं, पहिली फेरी फोनवर. कोडिंग, डिझाइन, अकाउंट्स, लॅबमधलं काम, ह्यात फोन का लागतो हो? चॅटवर घ्या पहिली फेरी, इंटरव्ह्यूला इंटरप्रिटर बोलवा आणि त्याचे पैसे कंपनीने द्या, उमेदवाराच्या धाकट्या बहिणीला दुभाषी म्हणून बसवू नका. मीटिंगमध्ये कॅप्शन चालू करा आणि एका वेळी एकानेच बोला, आगीच्या अलार्मला दिवा जोडा. ह्यात अवघड असं काहीच नाही.

आणि वरच्या जागांचं काय? वॉशिंग्टनचं गॅलॉडेट विद्यापीठ 1864 पासून कर्णबधिरांसाठी पदवी शिक्षण देतंय, पण तिथेसुद्धा पहिला कर्णबधिर अध्यक्ष यायला 1988 उजाडलं, तेही विद्यार्थ्यांनी कॅम्पस बंद पाडल्यावर. कर्णबधिरांच्याच विद्यापीठात ही गत, मग बाकीच्या ऑफिसांत वर्षानुवर्षं त्याच टेबलावर तेच काम देऊन ठेवतात ह्यात नवल नाही. प्रमोशनसाठीची ट्रेनिंग इंटरप्रिटरशिवाय होतात, महत्त्वाचं बोलणं जेवणाच्या सुट्टीत होतं, आणि मग म्हणतात ह्यांना पुढे यायची इच्छाच नाही.

मला विचाराल तर सुरुवात कर्णबधिर शिक्षकांपासून करावी. बालवाडीपासून प्रत्येक शाळेत ते पगारी नोकरीवर हवेत, मदतनीस म्हणून नाही तर वर्गशिक्षक म्हणून. मुलांना अस्खलित भाषा मिळेल, घाबरलेल्या आईबापांना शिकूनसवरून कमावणारा कर्णबधिर माणूस रोज समोर दिसेल, आणि शिकलेल्या तरुणांना नोकऱ्याही ह्यातनंच मिळतील.