उरलेला फरक

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षकांसाठी बारावीच्या पर्यवेक्षणाचा असतो, त्यामुळे राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने होणारी व्याख्याने ऐकण्याचा माझा संकल्प दरवर्षी संकल्पच राहत असे. या वर्षी मात्र मला सकाळचे सत्र मिळाले आणि विद्यापीठातील व्याख्याने दुपारी चारला होती. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे जमा करून, डबा कसाबसा संपवून मी सलग पाच दिवस तिथे जाऊन बसले. गेली सतरा वर्षे मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. संशोधनाशी माझा संबंध वाचनापुरताच आहे आणि या नोंदीही त्याच पातळीवरून लिहिल्या आहेत.

पहिल्या दिवशी रामन परिणामावर व्याख्यान होते. विज्ञान दिन ज्या शोधासाठी साजरा होतो, त्याची २८ फेब्रुवारी १९२८ ही तारीख आणि १९३० चे नोबेल पारितोषिक आम्ही मुलांकडून पाठ करून घेतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. वक्त्यांनी सुरुवात १९२३ पासून केली. कोलकात्याच्या प्रयोगशाळेत रामन यांचे सहकारी के. आर. रामनाथन द्रवांतून विखुरणारा प्रकाश तपासत होते. सूर्यप्रकाश जांभळ्या काचेतून द्रवात सोडायचा आणि बाहेर येणारा प्रकाश हिरव्या काचेतून पाहायचा, अशी ती मांडणी होती. एका काचेने जे रंग जाऊ दिले ते दुसरीने अडवावेत, म्हणजे पाहणाऱ्याला काळोखच दिसायला हवा. पण काळोखात एक अगदी फिकट उजेड उरत होता. द्रवात काही मळ असेल आणि तो चमकत असेल, असे आधी वाटले आणि म्हणून द्रव पुनःपुन्हा ऊर्ध्वपातन करून शुद्ध केला गेला, तरी उजेड गेला नाही. तो मळाचा उजेड नाही, द्रवाच्या रेणूंनीच प्रकाशाचा रंग बदलला आहे, हे पक्के व्हायला पुढची पाच वर्षे आणि रामन यांचे दुसरे सहकारी कृष्णन यांची चिकाटी लागली. हे सांगताना वक्त्यांनी जांभळा आणि हिरवा असे जिलेटिनचे दोन कागद एकावर एक धरून दिव्यासमोर नेले. सभागृहातून काहीच दिसले नाही, आणि दाखवायचेही तेच होते.

मंगळवारच्या व्याख्यानातील गणित माझ्या आवाक्याबाहेरचे होते, तेव्हा त्याविषयी न लिहिलेले बरे. बुधवारी कोयनेच्या भूकंपांविषयी बोलणे झाले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे मांडणीवरची भांडी खाली आल्याची आठवण आमच्याकडे आई अजून सांगते. ६.३ तीव्रतेच्या त्या भूकंपानंतरही शिवाजीसागराच्या परिसरात जमीन हलत राहिली आहे. जलाशयातील पाण्याची चढउतार आणि खालच्या खडकातील ताण यांचा संबंध तपासण्यासाठी तिथे बेसॉल्टचा जाड थर पार करून खालच्या ग्रॅनाइटपर्यंत, एकूण सुमारे तीन किलोमीटर खोल भोक पाडण्यात आले, हे ऐकून मागच्या रांगेतील मुलेही सरसावून बसली. विषय मोठा होता आणि वेळ अपुरा पडला. त्यावर स्वतंत्रपणे लिहायला हवे.

माझा आठवडा खऱ्या अर्थाने गुरुवारी सुरू झाला. विषय लोणारचा होता. बुलढाणा जिल्ह्यातील सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर उल्काघाताने झाले आहे, याविषयी आता वाद नाही. वाद वयाचा आहे, आणि तो लहानसहान नाही. आघाताने वितळून झालेल्या काचेवर तप्तदीप्तीची पद्धत वापरली तेव्हा वय सुमारे ५२ हजार वर्षे आले, अधिक-उणे ६ हजार. आरगॉनची पद्धत वापरली तेव्हा ते ५ लाख ७० हजार वर्षे आले, अधिक-उणे ४७ हजार. दोन्ही आकडे फळ्यावर एकाखाली एक लिहून वक्त्या क्षणभर थांबल्या आणि त्यांनी विचारले, "यातले चूक कोणते?" कोणी उत्तर दिले नाही. मी मनात दुसरा आकडा निवडला होता, केवळ तो नंतरचा आहे म्हणून, आणि हे कारण अर्थातच फारसे शास्त्रीय नव्हते.

पुढचा पाऊण तास त्यांनी दोन्ही पद्धती कुठे फसू शकतात हे उलगडण्यात घालवला. काचेत किरणोत्साराने अडकलेली ऊर्जा काळाबरोबर साठत जाते आणि ती काच तापवली की उजेडाच्या रूपाने बाहेर पडते. त्या उजेडावरून वय काढतात. पण साठलेली ऊर्जा मध्येच झिरपून गेली असेल, तर वय खरे आहे त्यापेक्षा कमी दिसेल. आरगॉनची गोष्ट नेमकी उलटी आहे. पोटॅशियमपासून आरगॉन तयार होतो, आणि आघाताच्या उष्णतेने खडकातील जुना आरगॉन निघून गेला, म्हणजे घड्याळ शून्यावर आले, असे आपण धरतो. दख्खनचा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा आहे. त्यातला थोडासा आरगॉन जरी काचेत मागे राहिला, तरी तरुण विवर म्हातारे दिसू लागेल. या शक्यता तपासूनच आज अनेक संशोधक मोठ्या वयाच्या बाजूने झुकतात, असे त्या म्हणाल्या. पण मला जे लागले ते निराळेच होते. अधिक-उणे ६ हजार म्हणजे वय त्या पट्ट्यातच असणार, असे मी आजवर समजत आले होते. ते चिन्ह मोजणी किती इकडेतिकडे होते एवढेच सांगते. घड्याळ मुळात शून्यावर होते का, याविषयी ते मूग गिळून बसते. वजनकाट्याचा काटा रिकाम्या पारड्यालाच पुढे असेल, तर शंभरदा तोलूनही वजन चुकीचेच येणार, हे भाजीवालीला ठाऊक असते. मला ते खडकांच्या बाबतीत सुचले नव्हते.

शुक्रवारी स्पंदकांवर, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओलहरींचे ठोके पाठवणाऱ्या ताऱ्यांवर, व्याख्यान होते. नारायणगावजवळ खोडदच्या परिसरात रेडिओ दुर्बिणीच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना आहेत, आणि तारांच्या जाळीच्या असल्यामुळे त्या लांबून एवढ्या नाजूक दिसतात की सहलीला नेलेल्या मुलांचा त्यांच्या आकारावर विश्वास बसत नाही. ही दुर्बीण जगभरातील इतर दुर्बिणींसोबत काही स्पंदकांच्या ठोक्यांची नोंद वर्षानुवर्षे ठेवते. ठोका कधी येणार याचे भाकीत करायचे, प्रत्यक्ष कधी आला ते मोजायचे आणि दोहोंची वजाबाकी करायची. या वजाबाकीत जे उरते, त्याला त्या क्षेत्रात नुसते 'रेसिड्युअल', म्हणजे शेष, म्हणतात आणि सगळे काम त्या शेषावरच चालते. वाटेतील इलेक्ट्रॉनांमुळे कमी वारंवारतेच्या लहरी उशिरा पोहोचतात, आणि तो उशीर नेमका मोजून बाजूला काढण्यासाठी खोडदच्या कमी वारंवारतेच्या नोंदी मोलाच्या ठरतात. एवढे सगळे वजा केल्यावरही काही उरलेच, आणि वेगवेगळ्या स्पंदकांमधील ते उरणे आकाशातील त्यांच्या परस्पर कोनानुसार एकमेकांशी जुळत असेल, तर त्यांच्या मधून गुरुत्वीय लहर, म्हणजे खुद्द अवकाशातच उठलेला तरंग, जात असल्याचा संशय घेता येतो.

जून २०२३ मध्ये युरोपीय आणि भारतीय गटांनी मिळून, पंचवीस स्पंदकांच्या नोंदींवरून, असा मेळ दिसतो असे जाहीर केले. तो निव्वळ योगायोग असण्याची शक्यता सुमारे हजारात एक निघाली होती. एका मुलाने उठून विचारले, की हजारात एक म्हणजे जवळपास खात्रीच झाली, मग 'शोध लागला' असे का म्हणत नाही? उत्तर मराठीत आले, व्याख्यान इंग्रजीत झाले असले तरी. "आमच्याकडे शोध म्हणायचा तर साधारण पस्तीस लाखांत एक एवढी शक्यता उरावी लागते. तोवर पुरावा म्हणायचे आणि मोजत राहायचे." मुलगा खाली बसला, पण त्याचे समाधान झालेले दिसले नाही. मला तो आवडला.

पुढच्या आठवड्यात अकरावीच्या जर्नल तपासायला बसले. साध्या लंबकाच्या प्रयोगात दोऱ्याची लांबी बदलून गुरुत्वत्वरण काढायचे असते. एका मुलीच्या जर्नलमध्ये २०, ५० आणि १०० सेंटिमीटर अशा तिन्ही लांबींना उत्तर ९.८ होते. मुले याला 'रीडिंग बसवणे' म्हणतात, आणि आजवर मी अशा पानांवर मुकाट्याने सही करत आले आहे, हे कबूल करायला हवे. या वेळी मी कच्ची वही मागितली. ती द्यायला तिने बराच वेळ लावला. आत ९.३, ९.६ आणि ९.७ असे तीन आकडे होते आणि तिन्हींवर पेनने काट मारलेली होती.

आम्ही दोघींनी ते आकडे पुन्हा पाहिले. चूक आडवीतिडवी नव्हती. दोरा जितका लांब, तितकी ती कमी होत गेली होती. मी विचारले, "लांबी कुठपर्यंत मोजलीस?" तिने गोळ्याच्या हुकावर, गाठीपाशी बोट ठेवले. मोजायचे असते गोळ्याच्या मध्यापर्यंत. पट्टी लावून पाहिले, तर हुकापासून मध्य बरोबर एक सेंटिमीटर खाली निघाला. तिन्ही लांबींत एकेक सेंटिमीटर मिळवून तिने गणित पुन्हा केले. जर्नलचे नीटनेटके पान मी तसेच परत केले आणि सही कच्च्या पानावर, काट मारलेल्या आकड्यांच्या खाली केली.