नाइटला किती जपानी लागतं? तुम्ही विचारलंत म्हणून

"ताई, जपानी भाषेच्या परीक्षेचं एन-फोर झालंय. केअरगिव्हरच्या कामात नाइट जमेल का? नाइटच्या शब्दांची यादी पाठवाल?" मिरजेहून, पुण्याहून सारखा हाच मेसेज येतो आणि आता खरंच राग येतो. घ्या यादी. याकिन म्हणजे नाइट. आके म्हणजे नाइट उतरून घरी जायचा दिवस. कामिन म्हणजे मधली झोप. जुनकाई म्हणजे राउंड. मोशिओकुरी म्हणजे ओव्हर देणं, पुढच्या शिफ्टला सगळं सांगणं. एका संध्याकाळी पाठ होईल. पुढे?

इथे जपानमध्ये, आइची प्रांतात, आमच्या वृद्धाश्रमात रात्री मजल्यावर मी एकटी असते. नर्स तिच्या घरी, फोनवर.

एकदा दोनच्या राउंडला कूस बदलून देताना एक आजी "एराई, एराई" म्हणाल्या. पुस्तकात एराई म्हणजे थोर, पण या भागात जीव कासावीस झाला की माणसं एराई म्हणतात. ते मला ठाऊक होतं. श्वास उथळ, ओठ निळसर, ऑक्सिजन ८६, ताप ३८.४. नर्सला फोन लावला. खोली, नाव, आकडे, कधीपासून, रात्री जेवताना ठसका लागला होता तेही, सगळं क्रमाने सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "निहोन्जिन नि कावात्ते." जपानी माणसाकडे फोन दे.

जपानी माणूस मजल्यावर नव्हताच. मी तेच सगळं पुन्हा सांगितलं. आवाज कापत होता, शब्द तेच होते. तेव्हा कुठे म्हणाली, ॲम्ब्युलन्स बोलव. ११९ लावला की आधी विचारतात, "काजि देसु का, क्यूक्यू देसु का?" आग की ॲम्ब्युलन्स? मग पत्ता. तो आम्ही फोनशेजारी चिकटवून ठेवलाय. आजी न्यूमोनियाने ॲडमिट झाल्या, वाचल्या. सकाळच्या ओव्हरमध्ये त्या फोनचा विषय कुणी काढला नाही. मीही नाही.

त्यानंतर मी सगळ्यांना बजावत सुटले, एन-टूशिवाय, म्हणजे एन-फोरच्या दोन पायऱ्या वरच्या परीक्षेशिवाय, नाइट घेऊ नका. आज ते मलाच पटत नाही. माझं एन-टू तेव्हा झालेलंच होतं, काय उपयोग झाला? एक मन म्हणतं, झोपेतून उठलेल्या बाईला पेशंटची खात्री हवी होती, तिच्या जागी तू काय केलं असतंस? दुसरं म्हणतं, ८६ कुणीही सांगितलं तरी ८६च.

आणि पैशांचं लपवत नाही. रात्री १० ते पहाटे ५ या तासांना कायद्याने किमान २५ टक्के जास्त मिळतात. घरचं कर्ज आहे, मीही नाइट मागून घेते. तुम्हाला कोणत्या तोंडाने नको म्हणू?

यादी पाठ करायची तर करा, पण मैत्रिणीला फोन लावून रिपोर्ट द्यायची सवय करा. समोर कागद नको. कोण, कधीपासून, नेहमीपेक्षा वेगळं काय, आकडे किती. ती मुद्दाम तोडेल, पुन्हा विचारेल, तरी सांगत राहा. आणि सुरुवातीच्या नाइटना जोडीला अनुभवी माणूस मागून घ्या, शक्यतो लेखी.