उडाल तेवढाच पगार : केबिन क्रूच्या आजारपणाचा माझा अनुभव

केबिन क्रूचा पगार कसा ठरतो हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं, आणि ते कळल्याशिवाय पुढचं काही नीट कळणार नाही. आमच्या पगाराचे दोन भाग. एक बेसिक आणि त्याला जोडलेले ठरलेले भत्ते. दुसरा फ्लाइंग अलाउन्स, म्हणजे महिन्यात जितके तास उडालो त्या हिशेबाने मिळणारे पैसे. माझ्या हातात येणाऱ्या रकमेत निम्म्याहून जास्त वाटा या दुसऱ्या भागाचा. त्यामुळे ताप आला, पाय मुरगळला म्हणून घरी बसलं, तर सिक लीव्ह कागदावर भरपगारी असते, पण ती बेसिकपुरतीच. घरभाडं आणि हप्ते पूर्ण पगारावर बेतलेले. म्हणून अंग कणकणत असतानाही गोळी घेऊन पहाटेच्या पिक-अपला खाली उभे राहणारे सहकारी मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे. त्यांना आजार लपवायची हौस नसते. त्यांना महिना काढायचा असतो.

मी मूळची नाशिकरोडची. बाबा नोटप्रेसमधून निवृत्त झालेले, आई गृहिणी. मुंबईत मरोळला आम्ही तिघीजणी फ्लॅट शेअर करायचो. त्यातली एक जेट एअरवेजमधून आलेली. 17 एप्रिल 2019 च्या रात्री अमृतसरहून मुंबईला आलेलं जेटचं शेवटचं विमान, त्याआधीचे थकलेले पगार, हे सगळं तिने सोसलं होतं. मार्च 2020 मध्ये आम्ही टीव्हीपुढे बसलो होतो तेव्हा तीच पहिल्यांदा म्हणाली, ‘‘भाड्याचं बघून ठेवू या गं.’’ आम्हाला तेव्हा ते टोकाचं वाटलं होतं.

24 मार्चच्या मध्यरात्रीपासून देशांतर्गत विमानं थांबली. 25 मेला ती पुन्हा सुरू झाली ती एक तृतीयांश क्षमतेने. मुंबईला तर सुरुवातीला दिवसाला 25 विमानं जाणार आणि 25 येणार एवढीच परवानगी होती. विमानं कमी, क्रू तेवढाच. आमच्या कंपनीने आधी महिन्यातले काही दिवस बिनपगारी केले, आणि मग माझ्या बॅचमधल्या बऱ्याच जणांना पूर्ण एलडब्ल्यूपीवर पाठवलं. लीव्ह विदाउट पे. आयडी कार्ड आपल्याकडे, युनिफॉर्म कपाटात, खात्यात काही नाही. मरोळचा फ्लॅट सोडला आणि मी घरी आले.

त्याच सुमारास अमेरिकेतही हेच चाललं होतं. 1 ऑक्टोबर 2020 ला अमेरिकन एअरलाइन्स आणि युनायटेड या दोघींनी मिळून 30 हजारांहून जास्त लोकांना फर्लोवर, म्हणजे सक्तीच्या बिनपगारी रजेवर, पाठवलं. पण तिथे युनियनच्या करारात सिनिऑरिटीची यादी असते. आधी कोण जाणार आणि परत बोलावताना कोणाचा नंबर आधी, हे त्या यादीवरून ठरतं. डिसेंबरमध्ये सरकारी मदत मंजूर झाली तशी माणसं परत घेतली गेली. आमच्याकडे अशी यादीच नव्हती. बोलावणं कोणाला येणार, कधी, कशाच्या आधारावर, हे विचारायलाही माणूस नव्हता. पैशांची ओढाताण बाबांच्या पेन्शनवर निभावली, पण या अधांतरी अवस्थेने मला जास्त पोखरलं.

त्या काळात कामाला आलेल्या दोन गोष्टी सांगते, कारण पुन्हा कोणावर अशी वेळ आली तर काय-काय बघायचं असतं ते कळेल. पहिली पीएफची. कोविडसाठी खास सवलत होती: तीन महिन्यांचा बेसिक आणि डीए (महागाई भत्ता), किंवा खात्यातल्या रकमेच्या 75 टक्के, यांतली जी रक्कम कमी ती परत न करण्याच्या अटीवर काढता येत होती. माझा पहिला अर्ज नामंजूर झाला, कारण आधारवर वडिलांचं नाव मध्ये होतं आणि यूएएनवर, म्हणजे पीएफच्या खाते क्रमांकाच्या नोंदीत, नव्हतं. ते जुळवायला कंपनीची मंजुरी लागायची, आणि एचआरमधलेही अर्धे लोक तेव्हा बिनपगारी रजेवरच होते. नाव छापलेला चेक, आधार, यूएएन हे तिन्ही एकसारखं आहे का, हे नोकरी व्यवस्थित चालू असतानाच तपासून ठेवावं. दुसरी गोष्ट कर्जाच्या हप्त्यांची. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट 2020 हप्ते लांबवायची मुभा दिली, पण व्याज चढत राहिलं. व्याजावरचं व्याज तेवढं नंतर सरकारने परत केलं. मी पहिले तीन महिने मुभा घेतली, नंतर ऑनलाइन इंग्रजी संभाषणाचे वर्ग घेऊन जमेल तसे हप्ते भरले.

बोलावणं 2021 मध्ये आलं. आलं म्हणजे लगेच उडायचं असं नसतं. ठरावीक काळ उड्डाण झालं नसेल तर रिफ्रेशर करावा लागतो. मेडिकल, प्रथमोपचार, धोकादायक मालाचे नियम, आग विझवणं आणि दरवाजा. ट्रेनिंग सेंटरमध्ये एअरबस ए-320 विमानाच्या दरवाजाची हुबेहूब प्रतिकृती असते. इन्स्ट्रक्टर शिट्टी मारतात आणि तुम्ही एकट्या त्या दारापुढे. आधी खिडकीतून बाहेर बघायचं, आग आहे का, पाणी आहे का. मग स्लाइडचा, म्हणजे बाहेर पडायच्या फुगणाऱ्या घसरगुंडीचा, लिव्हर आर्म्ड (दार उघडताच ती फुगेल अशा स्थितीत) आहे याची खात्री. मग हँडल पूर्ण वर उचलायचं, दार बाहेर ढकलायचं, स्लाइड हाताने फुगवायचं लाल मॅन्युअल इन्फ्लेशन हँडल ओढायचं, आणि एका हाताने दाराशेजारचं असिस्ट हँडल घट्ट धरून प्रवाशांना बाहेर पडायला ओरडायचं. एवढ्या महिन्यांच्या खंडानंतर माझा आवाज पहिल्या खेपेला फुटेना. दुसऱ्या खेपेला सगळा हॉल दणाणला. शेजारी उभी असलेली मुलगी रडत होती, तिलाही तितक्याच महिन्यांनी परत बोलावलं होतं. अर्धे दरवाजे बंद धरून अख्खं विमान 90 सेकंदांत रिकामं होऊ शकतं हे सिद्ध झाल्याशिवाय त्या प्रकारच्या विमानाला परवानगीच मिळत नाही. आम्ही तिथे असतो ते त्या 90 सेकंदांसाठी. चहा-सँडविच त्यानंतर.

आणि मग चित्र पालटलं. 18 ऑक्टोबर 2021 पासून देशांतर्गत उड्डाणांवरची मर्यादा उठली, 27 मार्च 2022 पासून नियमित आंतरराष्ट्रीय विमानं सुरू झाली. आखाती कंपन्या मुंबई-दिल्लीत भरती करू लागल्या, इथल्याही कंपन्या एकमेकींचे लोक ओढू लागल्या. वर्षभरापूर्वी आम्ही जास्त झालो होतो, आता आम्ही कमी पडत होतो. 2 जुलै 2022 ला देशातल्या सर्वांत मोठ्या विमान कंपनीचा बराच क्रू एकाच दिवशी सिक झाला आणि तिची निम्म्याहून जास्त विमानं उशिरा सुटली. त्या दिवशी दुसरीकडे भरतीच्या मुलाखती होत्या, अशा बातम्या आल्या. लोक त्यावर हसले. कोविडमध्ये कापलेले पगार तोवर पूर्ववत झाले नव्हते, हे फार थोड्यांनी लिहिलं.

कमी पडणं म्हणजे नेमकं काय? दर 50 आसनांमागे एक केबिन क्रू, हा नियम. 180 आसनांच्या विमानाला चार. तिसरीपर्यंत सगळ्या हजर आणि चौथी नाही, तर विमान जागचं हलत नाही. म्हणून स्टँडबाय, म्हणजे ऐनवेळी बोलावता येईल असा राखीव क्रू, ठेवतात. पण माणसंच कमी असतील तर स्टँडबायची फळी पहाटे सहालाच संपते. मग ऑफच्या दिवशी शेड्युलिंगचा, म्हणजे ड्यूट्या लावणाऱ्या विभागाचा, फोन. ‘‘मॅम, प्लीज, एकच सेक्टर.’’ सेक्टर म्हणजे एका विमानतळावरून दुसऱ्यावर एक उड्डाण. तो एक सेक्टर कधीही एक नसतो, परत यायलाही विमानच लागतं. ड्यूटीच्या तासांची मर्यादा डीजीसीएने, म्हणजे सरकारी विमान वाहतूक नियामकाने, घालून दिलेली आहे आणि ती पाळली जाते. पण मर्यादेच्या आत राहूनही माणसाला पार पिळून काढता येतं. आज पहाटे तीनचा पिक-अप, परवा रात्री दहाचा. सगळं नियमात.

त्या पावसाळ्यात माझा कान गेला. मुंबई-बागडोगरा (उत्तर बंगालमधलं)-मुंबई अशी ड्यूटी होती. जाताना शिंका सुरू झाल्या, बागडोगराला नाक चोंदलं. लीडना, म्हणजे त्या विमानातल्या केबिन क्रूच्या प्रमुखांना, सांगितलं. त्यांनी कॅप्टनना सांगितलं. बागडोगराला आमचा बेस नाही, बदली क्रू मिळणं शक्य नाही. नाकात थेंब घालून बघितलं, नाक मोकळं झालं, दोन्ही कान ‘फुटत’ होते, म्हणजे आतला दाब मोकळा होत होता. तिघांनी मिळून ठरवलं की निघू. वर असताना काहीच वाटलं नाही. केबिनमधला दाब साधारण सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेइतका असतो. उतरताना तो वाढत जातो, आणि नाकामागची नळी सुजून बंद असेल तर बाहेरचा दाब कानाच्या पडद्याला आत रेटतो. मुंबईच्या आधी शेवटच्या वीस मिनिटांत कोणीतरी कानात दाभण घालून फिरवतंय असं झालं. जंप सीटवर (क्रूच्या घडीच्या आसनावर) बसून मी नाक दाबून फुंकत होते, काही उपयोग होईना. विमान टेकलं तेव्हा उजव्या कानाने ऐकू येणं जवळपास बंद झालं होतं. इंटरफोनवरचा आवाज मी डाव्या कानाला लावून ऐकला. त्या क्षणी दार उघडायची आज्ञा आली असती आणि ती माझ्या उजव्या बाजूने आली असती तर, हा विचार अजून माझी पाठ सोडत नाही.

इथे लीडनी जे केलं त्याबद्दल मी त्यांची कायम ऋणी राहीन. मी घरी पळायच्या बेतात होते. त्या म्हणाल्या, ‘‘बस इथे. आधी इंज्युरी रिपोर्ट लिही. उद्या लिहिलास तर ती सर्दी होईल.’’ वेळ, सेक्टर, लक्षणं कधी सुरू झाली, कोणाला सांगितलं, हे सगळं त्यांनी माझ्याकडून तिथेच लिहून घेतलं, स्वतः सही केली, कॅप्टननेही दोन ओळी लिहिल्या. मी त्या कागदाचा फोटो काढून ठेवला.

दुसऱ्या दिवशी अंधेरीत कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. पडदा लाल, मागे पाणी. टिंपॅनोमेट्री म्हणून एक तपासणी असते, कानात बूच घालून दाब बदलतात आणि पडदा किती हलतो याचा आलेख येतो. निरोगी कानाचा आलेख डोंगरासारखा. माझा सपाट आला. औषधं, वाफ, आणि पडदा नीट हलेपर्यंत विमान बंद. प्रवासी म्हणूनही नाही.

तिसऱ्या दिवसापासून शेड्युलिंगचे फोन. मग एचआरची मेल, की माझी सिक लीव्ह साप्ताहिक सुटीला लागून सुरू झाली आहे आणि हा ‘पॅटर्न’ तपासला जाईल. नाशिकला आई एकच प्रश्न विचारत राहिली, ‘‘अगं, पण तुला हे कामावरच झालं ना? मग तुझी रजा कशी?’’

तोच मुद्दा होता. मी मेल लिहिली. ही सिक लीव्ह नाही, कामावर झालेली इजा आहे. रिपोर्टचा नंबर हा, डॉक्टरांचा कागद हा, आलेख हा. तेव्हा लागू असलेल्या 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्यात विमानाच्या क्रूचा शब्दशः उल्लेख आहे, तोही लिहिला. उत्तर नाही. आठवड्याने तीच मेल पुन्हा, वरिष्ठांना प्रत घालून. फोनवर बोलायचं टाळलं. फोन आला की नंतर ‘आत्ता आपलं असं बोलणं झालं’ म्हणून मेल टाकायची. कंपनीच्या डॉक्टरांपुढे गेले तेव्हा त्यांनी आलेख बघितला आणि माझ्या बाजूने लिहिलं. ‘उड्डाणादरम्यान झालेली दाबजन्य इजा’ हे त्यांचे शब्द फाइलला लागल्यावर हालचाल झाली. रजा सिकमधून काढून ऑन-ड्यूटी इंज्युरीत टाकली गेली, पॅटर्नची मेल मागे घेतली गेली, आणि किमान हमी तासांचे, म्हणजे उड्डाण कमी झालं तरी धरल्या जाणाऱ्या तासांचे, पैसे दोन पगारांनंतर फरक म्हणून आले. पूर्ण बुडालेला अलाउन्स काही मिळाला नाही.

कान बरा झाला. पुन्हा टिंपॅनोमेट्री, ऑडिओग्राम (ऐकण्याची तपासणी), कंपनीच्या डॉक्टरांचं फिटनेस, मग रोस्टर. पहिलं लँडिंग मी मुठी आवळून काढलं.

मे 2024 मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसचा क्रू मोठ्या संख्येने सिक गेला, 25 जणांना कामावरून काढलं, आणि दिल्लीत केंद्रीय मुख्य कामगार आयुक्तांसमोर बैठक होऊन 9 मेला त्यांना परत घ्यायचं ठरलं. प्रवाशांचे हाल झाले हे खरंच आहे. कोणाची लग्नं चुकली, कोणाची आखातातली नोकरी धोक्यात आली. मला त्यांचं वाईट वाटलं. पण एवढी माणसं तक्रारीचे सगळे रस्ते सोडून आजारपणाची रजा टाकतात तेव्हा ते रस्ते आतून बंद होते का, हे विचारायला हवं होतं. टीव्हीवर कोणी विचारलं नाही.

आमच्या कंपनीत आम्ही काही जणींनी मिळून लेखी मागणी केली आहे. क्रू सिक असेल तर मागच्या तीन महिन्यांच्या सरासरी तासांइतका फ्लाइंग अलाउन्स त्याला मिळावा, आणि कान-नाकाच्या तक्रारीवर डॉक्टरांचा कागद असेल तर ‘पॅटर्न’ची मेल जाऊ नये. पत्राला पोच मिळाली आहे. पुढच्या बैठकीला मी माझा तो सपाट आलेख घेऊन जाणार आहे.