मॉडेलमध्ये पायी चालणारे कुठे आहेत?

शहरांची सिम्युलेशन, म्हणजे शहरातल्या वाहतुकीची संगणकावर चालणारी मॉडेलं, बनवणं हे माझं रोजचं काम. बैठकीत लोक पडद्यावरचे रंगीत रस्ते बघतात. मला मात्र त्यामागचा एकेका माणसाचा दिवस बघायला आवडतो.

मॅटसिमसारख्या वाहतुकीच्या सिम्युलेशन प्रणालीत प्रत्येक नागरिकाचा एक एजंट, म्हणजे त्याच्या जागी वावरणारं संगणकातलं पात्र, असतो. समजा एक बाई: मुलाला चालत शाळेत सोडायचं, तिथून बसने कामावर, येताना बाजार करून घरी. दिवस संपला की तिला गुण मिळतात. कामाला आणि घराला दिलेल्या वेळाचे गुण जमा होतात. प्रवासाचे आणि उशिराचे कापले जातात. मग काही एजंट पुढच्या फेरीत वेगळं काहीतरी करून बघतात. कुणी लवकर निघतं, कुणी रस्ता बदलतं, कुणी बस सोडून गाडी काढतं. गुण वाढायचे थांबेपर्यंत अशा शेकडो फेऱ्या चालतात.

यात रस्ता रुंद करून बघा. पहिल्या काही फेऱ्यांत वाहतूक सुरळीत होते. मग गर्दी टाळायला पहाटे निघणारे पुन्हा नेहमीच्या वेळेवर येतात, बसमधले काहीजण गाडीकडे वळतात आणि रस्ता पुन्हा भरतो. हे सांगून पटत नाही. फेरीगणिक डोळ्यांसमोर घडताना दिसलं की पटतं. म्हणून मला या साधनाबद्दल मनापासून आस्था आहे.

वाहतुकीच्या मॉडेलचे अंदाज खरे ठरल्याची उदाहरणंही आहेत. २००६ मध्ये स्टॉकहोमने शहराच्या मध्यभागात येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांवर प्रायोगिक शुल्क लावलं. त्या सीमेवरची वाहतूक सुमारे २० टक्क्यांनी घटली आणि आधी मॉडेलने वर्तवलेलं चित्र बरंचसं जुळलं. २००७ मध्ये शुल्क कायमचं झालं.

पण मॉडेलची हद्द कुठे आखली, यावर फार काही ठरतं. अमेरिकी संशोधक जे फॉरेस्टर यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या शहराच्या मॉडेलमधून असा निष्कर्ष निघाला की गरिबांसाठी स्वस्त घरं बांधल्याने शहराची स्थिती बिघडते. त्या मॉडेलमध्ये उपनगरं नव्हतीच. शहराबाहेरचं जग अमर्याद धरलं होतं, तिथून माणसं हवी तितकी येऊ-जाऊ शकत होती.

आजही असं काही वगळलं जातं, ते म्हणजे चालणं. बहुतेक जुन्या पद्धतीच्या मॉडेलमध्ये शहराचे झोन पाडतात आणि झोनच्या मध्यबिंदूपासून दुसऱ्या झोनच्या मध्यबिंदूपर्यंत प्रवास मोजतात. झोनच्या आतल्या आत झालेला प्रवास रस्त्यांच्या जाळ्यावर येतच नाही. म्हणजे आमच्या त्या बाईचा घर ते शाळा हा पायी टप्पा गायब! मग फुटपाथ रुंद केल्याचा फायदा हिशेबात शून्याच्या आसपास दिसतो, उड्डाणपुलाने वाचवलेली मिनिटं मात्र ठळक दिसतात. टिकाऊ शहराचा आराखडा अशा आकड्यांवर उभा करणं मला मान्य नाही.

त्यामुळे कुठलाही अहवाल आला की मी निष्कर्षांआधी झोनचा नकाशा उघडते आणि मूळ सर्वेक्षणाचा फॉर्म मागवते. वाटेतले छोटे थांबे विचारले होते का? मुलांना कोण सोडतं, हे विचारलं होतं का? लहानसहान पायी फेऱ्या नोंदवल्या होत्या का? नसतील, तर झोन कितीही बारीक पाडले तरी ती बाई त्यात सापडणार नाही. अशा वेळी सर्वेक्षण पुन्हा करा, असं मी लेखी कळवते. खर्च वाढतो, महिने जातात, तरीही कळवते.